कुठल्या महिन्यातला दिवस?

एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: "वर्षभरासाठी मलावीतल्या एका खेड्यात शिकवायला जाते आहे. आफ्रिकेतल्या अशा आडगावात लोकांचा पारंपरिक दिवस कसा जातो? वीज नाही, नळ नाही, मग माणसं दिवसभर करतात तरी काय?"

शेवटचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा माझ्याही डोक्यात तोच होता. मी हातपंपवाला माणूस. सोलापूरकडे बोअर आणि पंपांची कामं करता करता एका कंत्राटाच्या निमित्ताने मलावीत गेलो आणि नऊ वर्षं राहिलो, बहुतेक काळ डेड्झा आणि कासुंगू या दोन जिल्ह्यांत. म्हणजे देशाच्या मध्यभागातली चेवा लोकांची गावं. पुढे जे सांगतोय ते त्यांच्याबद्दल. मलावी सरोवराच्या काठचं कोळ्यांचं गाव, दक्षिणेतलं याओ मुसलमानांचं गाव, उत्तरेतलं तुंबुका लोकांचं गाव, यांच्या रीती निराळ्या. देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान, त्यातला पाचवा हिस्सा पाणी, तरी एवढे भेद. 'आफ्रिकेतलं खेडं' म्हणून एक काही धरून चालू नका. कोकणातलं खेडं आणि मंगोलियातलं खेडं एका वाक्यात बसवायला कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू?

आता दिवस. पण कुठल्या महिन्यातला? तुमच्या प्रश्नात तेवढं राहून गेलंय, आणि सगळी मेख तिथेच आहे. मे महिन्यातलं गाव आणि जानेवारीतलं गाव ही एकाच जागेवरची दोन गावं समजा. माणसं तीच, झोपड्या त्याच, पण उठण्याची वेळ, ताटातलं अन्न, आवाज, स्वभावसुद्धा वेगळे. हे कळायला मला दोन वर्षं आणि एक फजिती लागली. ती पुढे येईलच.

महिना कुठलाही असो, दिवसाची सुरुवात पाण्याने होते. उजाडणं आणि कोंबडा तर तिथल्या पैशांच्या नावांतच आहेत: चलनाचं नाव क्वाचा. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ 'उजाडलं'. क्वाचाचा शंभरावा भाग म्हणजे तांबाला, म्हणजे कोंबडा. १९७१ साली जुना पौंड जाऊन ही नावं आली. महागाईत तांबाला केव्हाच बाद झाला, पण खराखुरा तांबाला चारच्या सुमारास आरवतोच आणि त्याच्या पाठोपाठ बादल्यांचा आवाज सुरू होतो. बायका आणि मोठ्या मुली निघतात. डोक्यावर कापडाची नाहीतर गवताची चुंबळ, तिला तिकडे न्खाता म्हणतात. त्यावर वीस लिटरची बादली. वीस लिटर म्हणजे वीस किलो, हे आपण विसरतो. अशा चार-पाच खेपा रोजच्या, आणि पाठीला चितेंजे कापडात बांधलेलं मूल असेल तर तेही वजन त्यातच धरायचं. चितेंजे म्हणजे दोन वार छापील कापड. ते लुगडं आहे, झोळी आहे, चुंबळ आहे, पावसात डोक्यावरचं छप्पर आहे आणि मयताच्या घरी बसायचं आसनही.

पंपाबद्दल लिहायला बसलो तर थांबणार नाही, पण थोडं सांगतोच, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. जगभर गेलेला इंडिया मार्क टू हातपंप मुळात सोलापूर पंपावरून घडला. मी तिकडचाच, त्यामुळे विमानात बसताना जरा छाती फुगलेली होती. तिथे गेल्यावर ती आत घ्यावी लागली. मार्क टूचा वॉशर बदलायचा तर जुन्या रचनेत लोखंडी पाइपांची सगळी माळ उपसावी लागते. त्याला तीन-चार माणसं, कप्पी, पाने आणि बहुतेक वेळा तालुक्याहून गाडी लागते. मलावीत रस्ता पावसात बंद, गाडीला डिझेल नाही, म्हणजे पंप सहा महिने उभा. म्हणून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच एक वेगळा पंप घडवायला घेतला गेला, माल्देव नावाचा. पुढे केनियात त्यावर काम होऊन त्याचा आफ्रिदेव झाला. यात पाइप जागेवर राहतो. दट्ट्या आणि तळाची झडप आतूनच वर ओढून घेता येते, सळ्या हुकासारख्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि सगळ्या कामाला एकच पाना पुरतो. मी पाहिलंय, गावातल्या चार बायका सकाळची रांग संपल्यावर पंप खोलतात, यू-सील, म्हणजे दट्ट्यावरचं रबर, बदलतात आणि स्वयंपाकाला घरी जातात. पंप-समितीची खजिनदार बहुतेक बाईच. पैसे दुधाच्या पावडरीच्या डब्यात, डबा धान्याच्या कणगीत, आणि कणगीत हात घालायचा अधिकार कुणाला असतो ते पुढे सांगतो.

सरकारी हिशेब एका पंपामागे अडीचशे माणसांचा. प्रत्यक्षात सप्टेंबर-ऑक्टोबरात, उकाडा वाढतो आणि ओढ्याकाठचे उथळ झरे आटतात तेव्हा, शेजारच्या दोन-तीन गावांची गर्दी त्याच पंपावर येते. मग रांग रात्री दोनलाच लागते. माणसं नसतात, बादल्याच रांगेत उभ्या असतात. कुणी दुसऱ्याची बादली मागे सरकवलेली मी नऊ वर्षांत दोनदाच पाहिली, आणि दोन्ही वेळा प्रकरण गावच्या म्फूमूपर्यंत, म्हणजे पाटलापर्यंत गेलं.

पाणी आलं की पीठ. तुमच्या 'दिवसभर करतात काय' याचं खरं उत्तर या एका शब्दात आहे.

तिथलं जेवण म्हणजे न्सिमा. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. आपली ज्वारीची आंबील आटवत आटवत उकडीपेक्षाही घट्ट केली तर जवळपास तसं होईल, फक्त आंबटपणा नाही आणि मीठही नाही. भात, रताळी, कसावा काहीही खाल्लं तरी न्सिमा नसेल तर माणूस सांगतो की आज जेवलो नाही. मका पोर्तुगिजांमागून अमेरिकेतून आलेला, त्याआधी ज्वारी आणि नाचणीच होती, पण आता मका म्हणजेच अन्न.

मक्यापासून चांगलं पांढरं पीठ, ऊफा वोयेरा, करायला किती वेळ लागत असेल? मी अर्धा तास म्हटलं होतं. उत्तर आहे चार-पाच दिवस. आधी मका उखळात घालून पाण्याचा हबका मारून कांडायचा. उखळ म्हणजे म्टोंडो, मुसळ म्हणजे मुसी. (मुसळ आणि मुसी हा निव्वळ योगायोग, पण ऐकल्यावर मला घरच्यासारखं वाटलं होतं.) दोघी-तिघी एका उखळावर, मुसळं एकामागून एक, टाळ चुकत नाही. मग सुपात, लिचेरोत, पाखडून कोंडा वेगळा. पुन्हा कांडप, पुन्हा पाखडणं. उरलेले सोललेले दाणे दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायचे, किंचित आंबूस वास येईपर्यंत. मग धुवून, वाळवून गिरणीत न्यायचे. गिरणी, म्हणजे चिगायो, गावात नसतेच. ती बाजाराच्या वस्तीत, पाच-सहा किलोमीटरवर, डिझेलवर चालणारी. तिथे पुन्हा रांग. दळून आणलेलं पीठ चटईवर उन्हात टाकायचं आणि कोंबड्या हाकायला एक पोर बसवायचं. एवढ्या उपद्व्यापात धान्याचा पाव हिस्सा कोंड्यात जातो, आणि पोषणाचा बराच भाग त्याच्याबरोबर. हे तिथल्या बायकांना आरोग्यसेविका सांगून सांगून थकल्या. मलाही एकदा उपदेशाची हुक्की आली होती. एका आजीबाईंनी विचारलं, तुमच्या देशात तांदूळ पॉलिश करून खातात का हो? मी गप्प.

सालासकट दळलेलं पीठ म्हणजे म्गाइवा. झटपट, पोटभरीचं, पण पाहुण्यापुढे ठेवायला कमीपणाचं. आणि इथेच महिना कळतो. जूनमध्ये गावात शिरा, चटयांवर पांढरंशुभ्र पीठ वाळत असतं. डिसेंबरात म्गाइवा. फेब्रुवारीत एखाद्या घरी जो कोंडा एरवी डुकरांना जातो, तो मादेया, तोच शिजत असतो. पुढे पुढे मी पिठाच्या रंगावरून घराचं चाललंय कसं ते ओळखू लागलो, तसं डोकावणं चांगलं नव्हे हे कळत असूनही.

न्सिमाबरोबर न्दीवो, म्हणजे कालवण. बहुतेक दिवस पालेभाजी: भोपळ्याचा पाला, मोहरीचा पाला, राजगिऱ्यासारखा बोनोंग्वे, घेवड्याचा पाला. कधी माटेम्बा किंवा उसिपा हे सुके मासे, बोंबलाच्या खालोखाल वास असणारे. मराठी माणसाला दोन गोष्टी जवळच्या वाटतील. एक, पालेभाजीत ते दाण्याचं कूट घालतात, अगदी आपल्यासारखं. त्या भाजीला 'ओटेंडेरा' म्हणतात आणि ती खाताना मला दर वेळी आईची आठवण यायची. दुसरी, भेंडी. आपण भेंडीची तार जावी म्हणून चिंच-ताक काय काय घालतो. ते तार यावी म्हणून जीव टाकतात. शेंगदाण्याच्या वेलांची राख भोकाच्या मडक्यात भरून तिच्यातून पाणी गाळतात, त्या खारट पाण्याला चिदुलो म्हणतात. त्यात भेंडी शिजवली की अशी ताणते की घास तोंडाशी नेताना हात खांद्यापर्यंत वर जातो. जमायला वेळ लागतो. मुलं हसतात. हसू द्या.

आता शेत आणि ती फजिती.

पावसाळा एकच, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. नांगर-बैल अगदी थोड्यांकडे, बाकी सगळं खासूवर, म्हणजे कुदळीवर. ऑगस्ट-सप्टेंबरपासून उन्हाने दगड झालेल्या जमिनीत हाताने सरी-वरंबे काढायचे. पहिला चांगला पाऊस झाला की पेरणी, मग खुरपणी, मग पुन्हा मातीची भर. डिसेंबर-जानेवारीत माणसं साडेचारलाच शेतात असतात आणि दहा-अकराला ऊन चढल्यावर परततात. आम्ही कार्यालयीन वेळेत, नऊ-साडेनऊला गावात गाडी लावायचो आणि चार म्हातारी माणसं सावलीला बसलेली बघून म्हणायचो, काय हे, सगळे कुठे गेले?

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मी एका गावात पंप-समितीची सभा बोलावली. तीन वेळा. तिन्ही वेळा पाटील, दोन आज्या आणि एक पाय मोडलेला तरुण. मी अहवालात लिहून टाकलं की या गावाला देखभालीत रस नाही, पंप दुसरीकडे द्यावा. सही करायच्या आधी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा त्यातली एक आगोगो, म्हणजे आजी, म्हणाली, "मेमध्ये ये. तेव्हा आम्ही माणसं असतो. आत्ता आम्ही गान्यू आहोत."

गान्यू म्हणजे दुसऱ्याच्या शेतावरची रोजंदारी. पैसे नाहीतर सरळ मका. त्याचं गणित समजून घेतलंत तर गाव समजेल. पाच-सहा माणसांच्या घराला महिन्याला पन्नास किलोचं एक पोतं मका लागतो, ढोबळमानाने. म्हणजे वर्षाला बारा पोती. खताशिवाय एकरी आठ पोती आली तरी बरं. जमीन बहुतेकांची अडीच एकरांच्या आत, त्यात थोडा भुईमूग, थोडा तंबाखू. आलेल्या मक्यातली दोन-तीन पोती काढणीच्या वेळीच विकावी लागतात, कारण मीठ, साबण, वह्या, जुनं देणं. त्या वेळी सगळेच विकतात म्हणून भाव पडलेला. डिसेंबरात कणगीचा तळ दिसतो तेव्हा तोच मका दुपटीने घ्यायचा. पैसे कुठून? मग नवरा-बायको शेजारच्या गावात गान्यूला. आणि गान्यूचा हंगाम तोच, जेव्हा स्वतःच्या शेतात तण मान वर काढतं. दुसऱ्याचं शेत खुरपून आज रात्रीचं पीठ मिळतं आणि स्वतःचं शेत तणात जातं, म्हणजे येत्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी. सावकारी पाशाबद्दल आपल्याकडे इतकं लिहिलं गेलंय, इथे सावकाराशिवायच पाश तयार होतो.

याच महिन्यांत हिवताप सर्वांत जोरात. भाजी मात्र भरपूर, भोपळ्याचे वेल चहूकडे. त्यामुळे जानेवारीतलं ताट उलटं असतं: हिरव्या पाल्याचा डोंगर आणि बाजूला मुठीएवढी न्सिमा. कच्चे आंबे उकडून खातात. पहिल्या पावसाबरोबर वारुळांतून उडणाऱ्या पंखवाल्या वाळव्या, न्गुंबी, पोरं दिव्याखाली परातीत पाणी ठेवून पकडतात. भाजल्यावर चव चांगली लागते, खरंच. फेब्रुवारीच्या अखेरीला पहिली कोवळी कणसं आली की गावाचा आवाज बदलतो, तो तुम्ही प्रत्यक्षच ऐका. सगळी वर्षं अशीच जातात असं नाही. २००२ सालच्या दुष्काळाबद्दल वयस्क माणसं अजूनही आवाज खाली आणून बोलतात. २००५ पासून सरकारने स्वस्त खताची कुपनं वाटायला सुरुवात केली, आणि ती कुपनं चालू होती तोवर त्यांच्या यादीत कुणाचं नाव आणि कुणाचं नाही हा गावातल्या भांडणांचा पहिल्या नंबरचा विषय होता.

मी तो अहवाल फाडला आणि मेमध्ये गेलो. झाडाखालच्या मोकळ्या जागेत, ब्वालोवर, ऐंशी-नव्वद माणसं. आधी एक तास स्वागताची गाणी, मग सभा.

मे-जून-जुलैचं गाव वेगळंच. थंडी असते, डेड्झा सोळाशे मीटरच्या आसपास आहे, स्वेटर न्याच. मका खुडून, सोलून न्खोक्वेत भरलेला. न्खोक्वे म्हणजे खांबांवर उचललेली, बांबू-काठ्यांची विणलेली, गवती टोपीची कणगी. लग्नं याच दिवसांत. छपरं शाकारायची कामंही आता. गोल झोपडीचं छप्पर जमिनीवरच तयार करून मग सगळ्यांनी मिळून उचलायचं, त्यावरून त्यांची म्हण आहे: एकट्या डोक्याने छप्पर उचलत नाही. बायका मका-नाचणीची दारू काढतात. मुलांना त्याच्या आधीच्या पायरीवरचं गोडसर थोब्वा. पुरुष बावो खेळत बसतात, चार ओळींची आठ-आठ खळग्यांची फळी आणि चौसष्ट बिया. बघायला जाल तर सावध, तिथे माझे कित्येक रविवार गेले.

आणि रात्री ढोल. गुले वामकुलू, 'मोठा नाच'. २००५ साली युनेस्कोने त्याला मान्यता दिली, तेव्हापासून परदेशी लोक त्याला 'शो' समजतात. गावात तो शो नाही. मुखवट्याखालचा माणूस त्या वेळी माणूस नसतो, स्मशानातून आलेला असतो. तो कोण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मुखवट्यांत रानातली जनावरं, पूर्वज, जुने गुलामांचे व्यापारी, हल्ली मोटारसायकलसुद्धा. वाटेत मुखवटेवाला दिसला तर बाजूला व्हा, फोटो काढू नका, आणि तुमच्या वर्गातला एखादा मुलगा या नाचाच्या मंडळीत दीक्षा घेण्यासाठी आठवडाभर गायब झाला तर त्याला वर्गात उभं करून कारण विचारू नका.

घराबद्दल थोडं. चेवा लोकांत वंश आणि जमीन आईकडून चालते. लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. आपल्याकडे घरजावई म्हटलं की टोमणा, तिथे ती रीतच. बहिणी-बहिणी आणि त्यांची मुलं मिळून म्बुम्बा होते आणि तिचा कर्ता म्हणजे त्या बहिणींचा भाऊ, मुलांचा मामा. मामाला मालूमे म्हणतात. बाप मुलांवर माया करतो, कष्ट करतो, पण मुलाच्या शाळेचा, लग्नाचा, भांडणाचा निर्णय मामाचा. शिक्षिका म्हणून तुम्हाला हे पहिल्याच महिन्यात लागेल. पालकसभेला बाप आला आणि मान डोलावून गेला तर काम झालं असं समजू नका, मामाला बोलवा. कणगीत हात मात्र घरच्या बाईचाच. म्हणून तो पंपाचा डबा तिथे.

यावरून कुणी 'स्त्रीसत्ता' म्हणून आनंदून जाऊ नये. पाणी, पीठ, सरपण, मूल हे सगळं तिच्याच डोक्यावर आहे, आणि मामा शेवटी पुरुषच. पण नवऱ्याशी पटलं नाही तर घर सोडून जातो तो. ती तिच्या आईच्या जमिनीवर राहते. माझ्या गावाकडच्या बहिणींच्या संदर्भात मी याचा पुष्कळ विचार केला.

एकदा बोअरसाठी पाणी शोधताना यंत्राने उत्तम जागा दाखवली ती नेमकी गर्द झाडीच्या कडेला. आजूबाजूला सगळं उघडंबोडकं आणि मधेच एवढी झाडी, मला नवल वाटलं. ती मांडा होती, स्मशान. तिथलं झाड तोडत नाहीत, वाळकी फांदीही उचलत नाहीत. आपली देवराईच, फक्त देवाऐवजी पूर्वज. आम्ही निमूटपणे चारशे मीटरवर दुय्यम जागा घेतली. पाणी कमी लागलं, पण पंप वापरला गेला.

मयत झालं की गावाचा दिवस थांबतो. शेतात कुदळ पडत नाही, अगदी जानेवारीतही. प्रत्येक घरातून बशीभर पीठ आणि जमतील तेवढे पैसे जातात, बायका मयताच्या घरात रात्रभर जमिनीवर बसतात, खड्डा खणायला ठरलेली माणसं असतात, त्यांना आड्झुकुलू म्हणतात, शब्दशः 'नातवंडं'. तुमची शाळा त्या दिवशी अर्धी रिकामी असेल. तुम्हीही जा. काही बोलायचं नसतं, फक्त चितेंजे गुंडाळून बसायचं. वर्षभरात तुम्ही कितीही चांगलं शिकवलंत तरी लोक लक्षात ठेवतील ते एवढंच, की बाई मयताला आल्या होत्या.

रोजचे शिष्टाचार सोपे आहेत. दाराशी "ओडी!" म्हणायचं आणि आतून "ओडिनी!" येईपर्यंत थांबायचं. सकाळी भेटलेल्या प्रत्येकाला "म्वाड्झुका ब्वांजी?", म्हणजे उठलात कसे? पंपावर रांगेत चाळीस बायका असल्या तरी हे टाळून थेट कामाचं बोललात तर तुम्ही उद्धट. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात, किंवा उजव्याला डावा लावून. मोठ्यांपुढे उभ्याने बोलत नाहीत, जरा वाकतात किंवा बसतात. जेवणाआधी थोरापासून सुरुवात करून हातावर पाणी घालतात, पुरुष-मुलगे एकीकडे आणि बायका-मुली दुसरीकडे जेवतात, बाई पाहुण्या असल्या तर कुठे बसवायचं यावर थोडी कुजबुज होईल. तुम्हाला पोरं 'म्वेन्ये' म्हणतील. तो भारतीयांसाठीचा शब्द, शिवी नाही, पण त्याला दुकानदाराचा वास आहे, कारण तिकडचे भारतीय म्हणजे मुख्यतः शहरांतले गुजराती व्यापारी. तुम्ही गावात पायी हिंडणारी म्वेन्ये असाल, त्यामुळे पहिले दोन महिने तमाशा होणारच.

संध्याकाळ लवकर. जूनमध्ये साडेपाचला अंधार. तीन दगडांच्या चुलीभोवती घर गोळा होतं. न्सिमा घोटण्याचं काम ताकदीचं, शेवटी शेवटी बाई दोन्ही हातांनी लाकडी म्थिको फिरवते आणि मग पाण्यात बुडवलेल्या चिपांडेने एकसारखे थापलेले गोळे ताटात रचते. आजी गोष्ट सांगते तेव्हा मुलं दर वाक्याला "तिलितोन्से!" म्हणतात, म्हणजे आम्ही सगळे आहोत, ऐकतोय. गोष्टीत बहुतेक वेळा कालूलू नावाचा ससा असतो, आणि तो तरसाला फसवतो. आता अनेक घरांवर छोटं सोलर पॅनेल आहे, मोबाइलवर पैसे येतात-जातात, तरुण मुलं फुटबॉलचे निकाल तोंडपाठ सांगतात. 'पारंपरिक' शोधायला जाल तर थोडी निराशा होईल, पण मोबाइलच्या उजेडात मुसळ चालतंच.

राहता राहिलं तुमचं काम. पहिल्या इयत्तेत शंभरावर मुलं असतील तर दचकू नका. १९९४ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि वर्ग फुगले ते फुगलेच. जानेवारी ते मार्च हजेरी घसरेल. मोठी मुलं गान्यूला, मधली धाकट्यांना सांभाळायला घरी. जी येतील त्यांतली काही अकराच्या सुमारास बाकावर डोकं टेकतील. शेऱ्याच्या रकान्यात 'रस नाही' लिहायचा मोह होईल, मी लिहिलं होतं.

घरांना भेटी देणार असाल तर मेमध्ये केव्हाही जा, जेवायला बसवतील, कोंबडी कापतील, बसा. जानेवारीत गेलात तर तेच लोक तेच करतील, आणि तेव्हा ते त्यांना परवडणारं नसेल. नको म्हणणं हा अपमान. म्हणून त्या महिन्यांत तीनच्या सुमारास जावं, जेवणाची वेळ टळलेली असते. हातात पीठ असावं, दोन किलो पुरे, पांढरं. दोन्ही हातांनी घरच्या बाईकडे द्यावं, ते कशासाठी हे सांगू नये, आणि पावसाचं निमित्त करून लवकर निघावं.